पासष्टला येणारी थरथर

गाडी गॅरेजात एकदा गेली तर दुरुस्त होऊन येते. पुन्हा पुन्हा जायला लागली की सोबत किस्से घेऊन येते. माझी वीस वर्षांची निळी गाडी कट्टा गावी बस्त्यावच्या गॅरेजात इतक्यांदा गेली की तिथल्या बाकावर माझी जागाच ठरून गेली. मी रिटायर झालेला गणिताचा मास्तर, शेजारी काजूची बाग असलेला आबा, आणि गाडीखालून नुसते पाय दिसणारा बस्त्याव. एवढंच आमचं मंडळ!

दुखणं असं होतं. ताशी साठ किलोमीटरपर्यंत गाडी अगदी शहाणी. पासष्टला स्टिअरिंग थरथरायला लागायचं, ऐंशीला पुन्हा शांत. एका रविवारी वैभववाडीला मेहुणीकडे जाऊन परत येताना ही थरथर सुरू झाली, तशी माझी बायको कुंदा नांदगावला चक्क खाली उतरली.

"ही थरथर थांबली काय माका सांगा. तवसर माका एष्टी बरी."

मेहुणीने दिलेला फणस तेवढा माझ्या शेजारी बसून घरी आला.

त्याआधी दर रविवारी आम्ही दोघं काही काम नसताना उगाच फिरायला जायचो. ते बंद झालं. खरं सांगायचं तर मला गाडीचं फार पडलं नव्हतं. मला शेजारची सीट भरलेली हवी होती.

*

बस्त्यावला आधी पटेचना. मालवण-कट्टा रस्त्यावर वळणं, कोंबड्या आणि ओळखीची माणसं एवढी की चाळिसाच्या वर काटा जातच नाही.

"मास्तर, हयसर पासष्टान कोण जाता?" तो म्हणाला.

म्हणून दर तपासणीला हायवे गाठावा लागे. पहिल्या दिवशी बस्त्याव शेजारी बसला. त्याचं शास्त्र सोपं होतं: थरथर स्टिअरिंगला लागली तर दोष पुढच्या चाकांत, सीटला लागली तर मागच्या. सीट नीट कळावी म्हणून त्याने डोळे मिटले. दुपारचं ऊन, रिकामा चौपदरी रस्ता, उजव्या हाताला निळा सह्याद्री आमच्याबरोबर चाललेला. पासष्टला मी म्हटलं, "आली बघ." त्याची मान एकदा डुलली. नांदगावला गाडी थांबवली तेव्हा त्याने डोळे उघडले आणि निदान सांगितलं.

"पाठची चाकां बरी आसत. नायतर माका झोप खंय लागतली?"

*

आबाचं मत वेगळं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गाडी घेतल्यापासून मी तिच्यासाठी देवाला गाऱ्हाणं घातलेलं नाही, मग दुसरं काय होणार! पावसाळा सरल्यावर एका सकाळी त्याने बॉनेटसमोर नारळ धरला आणि सुरू केलं.

"बा देवा महाराजा, मास्तराच्या गाडयेक पासष्टार जी थरथर येता, ती बारा वाटेन पळवन लाव रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज बस्त्यावचा. लगेच त्याने क्रूसाची खूणही करून घेतली, म्हणजे कुठली बाजू राहायला नको.

दुसऱ्या दिवशी थरथर सत्तरला आली. पाच किलोमीटरचा गुण आला, असं आबा अजून सांगतो.

*

शेवटी हायवेवरच्या एका दुकानात चाकांचं बॅलन्सिंग केलं. चाक मशीनवर फिरवतात आणि जिकडे हलकं असेल तिकडे रिमला शिशाचा छोटा तुकडा लावतात. परत येताना सत्तरला गाडी अशी चालली की मला वाटलं, आपण रस्त्याच्या वीतभर वरून चाललोय. मी एकटाच हसत होतो.

घरी आलो आणि कुंदासाठी गाडी लखलखीत धुतली. पाइप लावून चाकांच्या आतूनसुद्धा. मग तिला सांगण्याआधी खात्री करावी म्हणून एकटाच हायवेला गेलो, तर थरथर पहिल्यापेक्षा दुप्पट!

बस्त्यावने चाकं काढली आणि रिमच्या कोपऱ्यात उरलेली लाल माती नखाने खरवडून दाखवली. आमच्या पाणंदीतला लाल चिखल केव्हाचा रिमच्या आत बसून वाळला होता. दुकानदाराने त्या चिखलासकट तोल साधला होता. मी चिखल धुतला, शिसं तसंच राहिलं.

आबाने सुचवलं की चिखल परत लावावा. खोटं कशाला बोला, त्या संध्याकाळी मी अर्धी बादली कालवलीसुद्धा होती. कुंदा दारात येऊन बघून गेली. मला फार एकटं वाटलं.

*

स्वच्छ रिमवर पुन्हा तोल साधला, तरी बारीक थरथर उरलीच; पहिल्या आनंदात ती मला जाणवली नसावी. मग बस्त्यावने गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक हाताने फिरवलं आणि टायरजवळ खडू स्थिर धरला. खडू सगळीकडे टेकला, एका जागी टेकेना. तेवढा टायर चपटा झाला होता.

कुंदा बसेना म्हणून मलाही गाडी काढावीशी वाटत नव्हती. सबंध पावसाळा गाडी आंब्याखाली एका जागी उभी होती, टायरांत हवा कमी.

"गाडी चलान बिघडना नाय मास्तर, उभी रवान बिघडता," बस्त्याव म्हणाला. मला ते गाडीपुरतं वाटलं नाही. पुढचे दोन्ही टायर बदलले.

*

त्या रविवारी कुंदा नवे टायर बघून गाडीत बसली. जाताना मी पन्नासच्या वर गेलोच नाही. माझी छातीच होईना. मेहुणीकडे जेवलो, गप्पा झाल्या, चार वाजता निघालो.

परतताना नांदगाव मागे पडलं. उजवीकडून उतरतं ऊन थेट आमच्या मांडीवर येत होतं. पुढे रस्ता मोकळा होता. कुंदाने वरचं हँडल घट्ट धरलं होतं. मी हळूच पाय दाबला. साठ. पासष्ट. सत्तर. स्टिअरिंगवर माझे हात नुसते ठेवलेले होते. काहीच हललं नाही.

तिने हँडल सोडलं. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"आता जरा हळू चलवा," ती म्हणाली.

"कित्याक गो? आता खंय हलता?"

"हलना नाय, म्हणानच सांगतंय. हळू गेल्यार घर उशिरा येतला."

मी काटा चाळीसवर आणला.