पुरणपोळ्यांनी शिकवलेली अदलाबदल

अबू धाबीत नवी आले तेव्हा आमच्या मंडळात गणपतीच्या जेवणाचे पदार्थ चिठ्ठ्या टाकून वाटले जायचे. शेजारीण मला गाडीतून बाजारात न्यायची. बदल्यात तिचं मागणं एवढंच, की माझी चिठ्ठी तिच्यापेक्षा सोपी निघाली तर बदलायची, नाहीतर आपापली ठेवायची. मी काय शहाणी! ‘अय्या, नुसती अदलाबदल तर आहे,’ म्हणून मान डोलावली. मग कोशिंबीर कायम तिच्याकडे आणि अख्ख्या मंडळाच्या पुरणपोळ्या माझ्याकडे. कित्येक वर्षं नशिबाला बोल लावत पुरण वाटलं. आणि म्हणे बी.एस्सी., गणित विषय घेऊन!

आता अबू धाबीतल्याच मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरात बास्केटबॉलचं वेड आहे. नातवंडं मोबाइलवर खोटे खोटे संघ चालवतात, अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांसारखे. आठवा गडी कमी पडला म्हणून मला ओढलं. नियम असा, की जो संघ तळाला राहील त्याने पुढच्या हंगामात नवा खेळाडू सगळ्यांत आधी निवडायचा, जिंकलेल्याने सगळ्यांत शेवटी.

गेल्या वर्षी थोरल्या नातीला माझा एक नेमबाज हवा होता. मी म्हटलं, “घे की. फक्त पुढच्या वर्षी तुझा निवडीचा नंबर माझ्या आधी आला तर तो मी घेणार, माझा तुला. नाही आला तर आपापला.”

“सो आय स्टिल गेट अ पिक? डन, आजी!”

तिचे बाकीचे खेळाडू सगळे उतरत्या वयाचे, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. बास्केटबॉलचं मला फारसं कळत नाही, पण गुडघ्यांचं कळतं.

हंगाम संपला तेव्हा ती तळाला होती, मी दुसरी. नव्यांमध्ये एक ताडमाड पोरगा येणार होता. नातीने त्याचा फोटो आधीच भिंतीवर लावला होता. पहिला नंबर तिचा लागला आणि मी हात पुढे केला.

“आजी! दॅट्स रॉबरी!”

“यल्ला, नंबर इकडे दे. कबूल तूच केलंस ना?”

ताडमाड माझ्याकडे आला. तिला माझा सातवा नंबर मिळाला, आणि त्यावर एक बुटका.

संध्याकाळी बाईसाहेब स्वतः केलेला चहा घेऊन आल्या, साखर विसरून.

“आजी, माय टू बेस्ट प्लेयर्स फॉर हिम. प्लीज?”

मी सावकाश दोन घोट घेतले. “इन्शाल्ला.”

“नो! आजी, दॅट मीन्स नो!”

इथेच जन्मलीय ना, तिला बरोबर कळतं.