खिशातली सेल

रंगाच्या कारखान्यात विषारी वायू हुंगणारी यंत्रं सांभाळायचं काम मीटरमामाचं. टाकीत माणूस उतरायच्या आधी यंत्र खाली सोडायचं. ते किंचाळलं की माणूस वरच. यंत्राच्या पोटात बाटलीच्या बुचाएवढी सेल, आणि सेलच्या पोटात तेजाब. ओलसर जागी ती हवेतलं पाणी पीत बसते, फुगते नि एक दिवस गळायला लागते. बाद झाली की सीलबंद डब्यातच टाकायची, हे मामा येईल त्याला पढवायचा. स्वतः मात्र नंतर टाकू म्हणून पँटच्या खिशात कोंबायचा. खिशांना भोकं कशी पडतात म्हणून बायको करवादायची, तर हा पठ्ठ्या खापर उंदरांवर फोडायचा.

त्या दिवशी मामाचा सत्कार होता. वीस वर्षांत त्याच्या यंत्रांच्या खोलीत एकही अपघात नाही, म्हणून पितळी ढाल. मामा टेचात खुर्चीवर बसलेला आणि साहेबांचं भाषण रंगात आलेलं. तेवढ्यात मांडीला गुदगुल्या झाल्या. मग मुंग्या. मग थेट इंगळी डसली. मामाला काय ते उमगलं. बोंबलावं तर वीस वर्षं मातीत, गप्प बसावं तर मांडी जाते. सुरक्षितता यांच्या रक्तात आहे, असं साहेब सांगत होते. तेजाब अजून कातडीपर्यंतच पोचलं होतं.

ढाल हातात पडली आणि मामानं जी धूम ठोकली, ती अंगणातल्या आणीबाणीच्या फवाऱ्याखालीच थांबली. पँट तिकडे भिरकावली, पाणी सोडलं. शंभर माणसांसमोर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि तिच्यापुढे ढाल. नर्सबाईंनी दटावलं, पंधरा मिनिटं जागचं हलायचं नाही. लोकांची हसून मुरकुंडी वळली, मामालाही हसू आवरेना.

साहेब हळूच जवळ आले. "मामा, उकाड्यानं चक्कर आली असं लिहू का? ढाल राहील तुमच्याकडे."

मामानं मांडीवरचा लालभडक चट्टा बघितला.

"अपघातच लिहा साहेब. चूक माझी. आणि कुणाच्या खिशात सेल असेल तर आत्ता काढा रे."

लोकांनी खिसे चाचपले. मग फोरमननं एक काढली. दोघा वेल्डरांनी काढल्या. शेवटी साहेबांनी कोटाच्या खिशात हात घातला. टेबलावर कागद दाबायला बरी वाटली होती म्हणे. बोटं ओली निघाली.

मामा फवाऱ्याखाली जरा बाजूला सरकला.

"या साहेब, आत या. कोट काढून या."