चिऱ्यांची पूड

जळक्या ऑइलचा वास आला की मी आधी खाली बघते. खाऱ्या वाऱ्याने आमच्या जुन्या पिकअपचा सांगाडा गंजू नये म्हणून बाबा दरवर्षी पावसाआधी ती घरापुढच्या खळ्यात जॅकने उचलून खालून जळकं ऑइल फासायचे. त्या वर्षी जॅक दाब धरेना, तेव्हा त्यांनी घर बांधून उरलेले, विहिरीकडे भिजत पडलेले जांभ्याचे चिरे आणले आणि गाडी त्यांवर टेकवली. आई म्हणाली, “अवो, लाकडाचे ठोकळे घेवा. भिजलेलो चिरो भार घेवचो नाय.” “ज्या चिऱ्यार घर उभा आसा, त्येच्यार गाडी ऱ्हवाची नाय?” असं म्हणत ते खाली सरकले. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. वारा पडला होता, माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती. ऑइलचा डबा धरून मी उकिडवी बसले होते, तेव्हा चिऱ्याच्या बुडाशी चिमूटभर लाल पूड दिसली. मी फुंकर मारली. ती पुन्हा साचली. “बाबा, चिऱ्यातसून पूड गळता. भायर येवा.” “ह्यो एक बोल्ट आवळतंय आणि येतंय.” पण पाना बसेना, म्हणून दुसरा घ्यायला ते करवादत बाहेर आले, आणि त्यांच्या पाठीमागे चिरा भसकन फुटून गाडी जमिनीला टेकली. बाबा गाडीकडे नाही, घराच्या भिंतीकडे बघत राहिले. आता बाबा नाहीत; गाडी भाऊ सांभाळतो, लाकडी ठोकळ्यांवर. आज त्याने ऑइलचा डबा उघडला आणि सवयीने मी खाली बघितलं. उंबऱ्याशेजारी, भिंतीच्या बुडाशी, चिमूटभर लाल पूड होती. मी फुंकर मारली. ती पुन्हा साचली.