रातांब्याच्या रंगाची कोळंबी

ती चिमटीत खाणं घ्यायची आणि त्यातलं अर्धं परत बरणीत टाकायची. उरलेल्याकडे बघून "अजून कमी" असं स्वतःशीच म्हणायची आणि त्यातलंही थोडं परत टाकायची. शेवटी बोटांना धुळीसारखं जे काही चिकटलेलं असायचं, तेवढंच काचेच्या टाकीत झटकायची. मग शेवाळात बसलेल्या, नखाएवढ्या लाल कोळंब्या एकेक करून तिकडे सरकायच्या आणि पुढचे बारीक पाय हातांसारखे तोंडाकडे नेत खायला लागायच्या.

"भुकेने नाय मरत ती," ती मला सांगायची. "जास्तीने मरतात. उरलं की पाणी सडतं."

तुमच्याही आळीत अशी एखादी बाई असेल, जिच्या नादाला लोक हसतात आणि येताजाता तिच्या दारात डोकावतातही. आमच्या आळीत ती होती. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही तेच म्हणायची. मला तिच्याबद्दल नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. कॉलेजात निबंध लिहिले आहेत, पण माणसावर कधी लिहिलं नाही.

मावशी बंदराजवळच्या कोळंबी सोलण्याच्या कंपनीत कामाला होती. पंचवीसएक वर्षं बर्फाच्या पाण्यात हात घालून तिने कोळंबीची मुंडकी काढली. पुढे बोटं वाकडी झाली, थंडीत वळेनाशी झाली आणि तिने काम सोडलं. नवरा आधीच गेलेला. मुलगी गुहागरला दिलेली. अशात बचत गटाच्या बायकांसाठी रंगीत मासे पाळण्याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. आळीतल्या बऱ्याच जणी गेल्या. चहा झाला, नाश्ता झाला, प्रमाणपत्राबरोबर फोटो झाले. पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी हातात धरून परत आली ती एकटी मावशी. पिशवीत दहा लाल कोळंब्या होत्या.

"हिने जवळा पाळलान हो!" माझी आई नळावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "सगळ्या काढल्यान तरी वाटीभर आमटी नाय व्हायची."

"तुला आमटीच दिसणार," मावशी म्हणाली. "रविवारी ये जेवायला. बाजारातली आणते, ती खा पोटभर."

मी एकदा तिला विचारलं होतं, हे कशाला करतेस म्हणून. ती म्हणाली, "इतकी वर्षं मुंडकी काढली गो. पण कोळंबी खाते कशी, ते कधी बघितलंच नव्हतं."

याचा अर्थ तिने कोळंबी खायची सोडली होती असा नाही. एकदा मी गेले तर ती टाकीसमोर बसून कोळंबीच्या कालवणाशी भात खात होती. मी म्हटलं, "मावशी, यांच्यासमोर?" ती म्हणाली, "ती वेगळी, ही वेगळी. आणि यांना काय कळतंय?" पण दोन घास झाल्यावर ताट उचलून ती टाकीकडे पाठ करून बसली.

माझी तिच्याकडे ये-जा सुरू झाली ती खाण्याच्या पाकिटावरून. पाकिटावर सगळं इंग्रजीत होतं. आमच्या घरातच काय, आमच्या रांगेतही कॉलेजात जाणारी मी पहिली. माझे वडील मच्छिमारी बोटीवर खलाशी आहेत. तर मावशी पाकीट घेऊन माझ्याकडे आली. मी वाचायला घेतलं आणि अर्धे शब्द मला समजेनात. कान तापले. मी झूऑलॉजी घेतलेली मुलगी! शेवटी म्हटलं, "मावशी, मला नाही समजत हे. उद्या सरांना विचारून सांगते."

तिने पाकीट परत घेतलं नाही. "नाय समजत म्हणालीस, बरं केलंस," ती म्हणाली. "बाकीचे काहीतरी ठोकून देतात."

तिच्याकडे एकच काचेची टाकी होती. बाकी सगळे बंदरावरून आणलेले, बर्फाचे थर्माकोलचे खोके. अंगणात पडलेली देशी बदामाची वाळकी पानं ती वेचून, धुऊन पाण्यात सोडायची; त्याने पाण्याला चहासारखा रंग यायचा. शेवग्याचा पाला उकडून घालायची. पोटाखाली अंडी धरून फिरणारी मादी दिसली की मला हाताने गप्प बसवायची आणि हळू आवाजात म्हणायची, "ही पोटुशी हाय." ती मादी आपले पाय हलवून अंड्यांना सारखा वारा घालत असायची. मावशी काचेला नाक लावून ते किती वेळ बघायची, ते घड्याळ लावून मोजायला हवं होतं. एकदा तळाशी पांढरी, पारदर्शक कोळंबी आडवी पडलेली बघून मी ओरडले, मेली म्हणून. मावशी पोट धरून हसली. "कात टाकलान ती! कॉलेजात हेच शिकवतात काय?"

दर पिढीतल्या गडद लाल कोळंब्या ती वेगळ्या काढायची आणि काचेच्या टाकीत ठेवायची. फिक्या खोक्यात जायच्या. रंगीत माशांच्या दुकानदाराने तिला फिक्या टाकून द्यायला सांगितलं होतं. "रंग नाय म्हणून उपाशी ठेवू काय?" म्हणत ती त्यांनाही तशीच चिमूट चिमूट घालायची. असं करत करत तीन वर्षांनी तिच्या टाकीत एक रंग आला. लाल नव्हे, काळाही नव्हे. पिकून कोकमाच्या झाडाखाली पडलेला रातांबा फोडल्यावर आत दिसतो, तसा. मी सरांना फोटो दाखवला. ते म्हणाले, छान आहे, पण पिल्लं तशीच येतात का बघा. मावशीने ते मनावर घेतलं. मेच्या सुरुवातीला त्या रंगाच्या दोन माद्या पोटुश्या झाल्या. आता सगळी पिल्लं रातांब्याची निघाली, तर तो रंग तिचा झाला असता. तिने केलेला, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला, असं तिला वाटत होतं. मला वाटतं, ते खरंही असेल.

आणि त्याच आठवड्यात तिला धाप लागायला लागली. छातीत पाणी झालं होतं. सरकारी हॉस्पिटलात नेताना तिने घराची किल्ली माझ्या हातात दिली. मुलगी गुहागरहून येऊन शेजारीच उभी होती, तरी माझ्या हातात. "ही शिकतेय," ती मुलीला म्हणाली. "हिला कळेल."

आता इथून पुढे लिहायला मला अवघड जातं.

मे महिन्यात टाकीतलं पाणी रोज बोटभर खाली जायचं. भर घालायला हवी होती. आळीतल्या विहिरीचा तळ दिसत होता, पाणी गढूळ. नळाला दोन दिवसांनी पाणी यायचं आणि त्याला औषधाचा वास. ते चालत नाही, हे मला माहीत होतं. मी घरी येऊन आईला सांगितलं. वरच्या आळीच्या विहिरीवरून डोक्यावरून आणलेलं पाणी होतं आमच्याकडे, तांब्याच्या हंड्यात दोन दिवस निवळत ठेवलेलं. हंडा चिंचेने घासून लखलखीत. ते पाणी आम्ही फक्त प्यायला वापरायचो.

"ने दोन कळश्या," आई म्हणाली. "त्या जवळ्याला पाज. बिचारी तिथं त्यांच्याच काळजीत असेल."

जिने इतकी थट्टा केली तिने आपलं पिण्याचं पाणी दिलं, म्हणून मला केवढा आनंद झाला होता. मी जपून, हळूहळू टाकी भरली. कळश्या तिथेच संपल्या. फिक्यांचे खोके सकाळी बघू, म्हटलं.

सकाळी रातांब्याच्या कोळंब्या आडव्या पडल्या होत्या. काही पाय हलवत होत्या. मेलेली कोळंबी शिजवल्यासारखी गुलाबी, दुधाळ होते. दुपारपर्यंत टाकीभर तोच एक रंग होता.

मी बरणीत पाणी आणि मेलेल्या चार कोळंब्या घेऊन सरांकडे गेले. ते एकेक विचारत गेले. खाणं? औषध? फवारणी? मग विचारलं, "पाणी कशात ठेवलं होतं?" मी म्हटलं, हंड्यात. "कसला हंडा?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणसाला तांब्याचं पाणी चालतं, कोळंबीला त्याचा अंशही सोसत नाही, असं ते म्हणाले. ते आमच्या पुस्तकात होतं. मी ते पान परीक्षेसाठी पाठही केलं होतं.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेले ते सांगायचं ठरवूनच. मावशी उशीला टेकून बसली होती. मला बघून तिने नाकावरची नळी बाजूला केली. "सुटल्या काय गो दोघी?"

मी म्हटलं, "सुटल्या."

"पिल्लं किती?"

"नीट मोजता येत नाहीत. सत्तावीस तरी आहेत."

"रंग?"

"तोच."

तिच्या मुलीने मला बाहेर गाठलं. म्हणाली, "तू येऊन गेलीस की ती दोन घास खाते. रोज ये."

मी रोज गेले. रोज पिल्लं थोडी थोडी मोठी करत गेले. कोणतं शेवाळात लपलं, कोणी पहिली कात टाकली. मला इतकं खोटं बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "खाणं कमी घाल हां."

पंधरा दिवसांनी मुलीने तिला गुहागरला नेलं. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं, घरी न्या म्हणून. तेव्हा मला कळलं की आता थांबले तर सांगायचं राहून जाईल. मी जयगडला जाऊन फेरीबोटीने खाडी ओलांडली. पलीकडे एसटीची वाट बघताना दोनदा परत फिरावंसं वाटलं.

मावशी पडवीत खाटेवर होती. फार बारीक झाली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कळश्या, हंडा, सर, सत्तावीस पिल्लं. तिने भिंतीकडे तोंड केलं. आत मुलगी भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता.

"तीन वर्षं गो," ती भिंतीकडे बघतच म्हणाली.

मी खाटेशी खाली बसले.

"सगळी?"

"टाकीतली सगळी. खोक्यातली फिकी आहेत."

मग ती वळली. तिचे डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचा होता. "ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं, तांबं नको म्हणून. माझ्या घरात तांबं होतं कुठं? म्हणून तुला सांगायचं डोक्यातच आलं नाय." दम घेऊन तिने विचारलं, "आवशीला सांगितलंस काय तुझ्या?"

"नाही."

"नको सांगू." तिने माझं मनगट धरलं. तिच्या वाकड्या बोटांत तेवढी ताकद कुठून आली, कोण जाणे. "मे महिन्यात आपलं पिण्याचं पाणी दिलान तिने. तिला हे कशाला? मला शब्द दे."

मी दिला.

गणपतीच्या आधी ती गेली. फिक्या कोळंब्या सरांनी प्रयोगशाळेत ठेवून घेतल्या. तिचं घर बंद आहे. मुलगी कधीतरी येऊन झाडून जाते.

आईने मध्यंतरी विचारलं, "तिची ती लाल कशाने गेली गो?" मी म्हटलं, "उन्हाने. पाणी तापलं." आई हळहळली. "तरी आपलं पाणी होतं म्हणून जरा तरी तग धरलान असेल."

आईला वाचता येत नाही. म्हणून मी हे लिहू शकले. शब्द मोडला की पाळला, हे मला अजून ठरवता येत नाही. आत्ता ती माझ्याशेजारी बसून तांदूळ निवडते आहे. मघाशी तिने विचारलं, "एवढं काय लिहितेस?"

"मावशीवर लिहितेय."

ती निवडायची थांबली. "पाण्याचं लिही हो. भर मे महिन्यात दोन कळश्या दिल्या ते. लोक विसरतात."

"लिहिलंय, आई," मी म्हटलं.