शेजारी शेजारी उमटलेले दोन चेहरे

तोकिलुपेच्या वर्गात कोण कुठं बसणार हे तिनं कधी ठरवलं नाही. ते ठरलेलंच असायचं. भिंतीकडं मुली, दाराकडं मुलगे. भाऊबहीण एकाच वर्गात आले, तर एक या टोकाला आणि दुसरं त्या टोकाला. फोआ बेटावर हे कुणाला शिकवावं लागत नाही. इथं मावशीची पोरं सख्खीच भावंडं, काकाचीही सख्खीच. विज्ञानाच्या मास्तरांनी शरीराचा धडा काढला की ज्यांची बहीण वर्गात आहे ते मुलगे आपणहून उठतात आणि बाहेर आंब्याखाली जाऊन बसतात. मास्तर विचारत नाहीत, मुलगे सांगत नाहीत. धडा संपला की परत येतात.

तोकिलुपे याच बेटावरच्या कोळ्याची पोर. तिचा भाऊ मिसरूड फुटायच्या आत घरातून उठून अंगणातल्या खोपटात झोपायला गेला, कारण घरात बहीण मोठी होत होती. घरात टीव्ही आला तेव्हा तो पायरीवर बसून नुसता आवाज ऐकायचा. आत काय लागेल याचा भरवसा नाही, म्हणून. पुढं तो ऑकलंडला गेला आणि ती राजधानीला, नुकुअलोफाला. तिथं एका कचेरीत टायपिंग करता करता ती कॉम्प्युटर शिकली, आणि सगळे लोक बेटं सोडून जात असताना ही बाई उलटी बेटावर आली. "आपल्या पोरांनी जग दुसऱ्याच्या तोंडून का ऐकायचं?" असं ती चर्चच्या कमिटीला विचारत सुटली. कमिटीशी भांडली, हेडमास्तरांशी भांडली, ऑकलंडच्या माजी विद्यार्थ्यांच्या मानगुटीवर बसून जुनी मशीनं मागवली आणि धक्क्यावरून स्वतः ढकलगाडीनं आणली.

मग ज्वालामुखी फुटला आणि फोन-इंटरनेटची समुद्राखालची तार तुटली. बेट बहिरं झालं. ऑकलंडमध्ये तिचा भाऊ, आपली बहीण जिवंत आहे की नाही ते कळेना म्हणून, चर्चच्या पायऱ्यांवर रडत बसला होता. हे तिला तार जोडली गेल्यावर, फार उशिरा कळलं. त्या दिवशी तिनं मनाशी गाठ मारली, की आपल्या वर्गातलं एकही पोर पुन्हा बाहेर राहता कामा नये. परीक्षेला बसणाऱ्या वर्गाचा तिनं फोनवर एक ग्रुप केला आणि त्यात झाडून सगळ्यांना घातलं. एक नाव सोडलं नाही. गृहपाठ तिथं, वादळाची सूचना तिथं, चर्चच्या गाण्याची तालीम कधी तेही तिथंच. तिला त्या ग्रुपचा फार अभिमान होता.

हानितेली आणि पिसिला त्याच ग्रुपमध्ये होते. दोघांच्या आया सख्ख्या बहिणी, म्हणजे दोघं भाऊबहीण. पिसिला कॉम्प्युटरमध्ये सगळ्या वर्गाच्या पुढं. हानितेली गणितात बरा, बाकी कष्टानं पास होणारा, आणि परीक्षा तोंडावर आलेली.

झालं असं. वर्गातल्या केपुएलीला त्याच्या ऑकलंडच्या भावानं एक व्हिडिओ पाठवला. आपल्याच बेटांवरचे दोन पुरुष, बायकांचे कपडे घालून, आचकटविचकट बोलतायत. उघडंवाघडं काही नाही, नुसतं बोलणं. केपुएलीला तो पोरांच्या ग्रुपवर टाकायचा होता, पडला वर्गाच्या ग्रुपवर. दिवेलागणीची वेळ होती, सगळ्यांच्या हातात फोन. त्यानं घाईघाईनं तो पुसला, पण तोवर बऱ्याच जणांनी बघितला होता. आणि कुणी बघितला हे त्या फोनला ठाऊक असतं. बघणाऱ्याचा चेहरा छोट्या गोल टिकलीएवढा खाली उमटतो. हानितेलीचा उमटला. त्याच्या शेजारी पिसिलाचा उमटला. पुसायच्या आत कुणीतरी त्याचा फोटो काढून ठेवला, आणि तो गावभर फिरला.

दुसऱ्या दिवशी हानितेली शाळेत आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. रानातल्या जमिनीवर जाऊन राहिलाय, असं कळलं.

"केपुएलीला छड्या द्या, फोन बंद करा, विषय संपला," हेडमास्तर मोसेसे म्हणाले.

"संपला कसा? पोरगं परीक्षेला बसणार नाही म्हणतंय."

"मग तो ग्रुप कुणी काढला होता, लुपे?"

"व्हिडिओ मी पाठवला का?" तिचा पारा चढला. "रस्ता बांधला म्हणून रस्त्यावरच्या अपघाताला मीच जबाबदार?"

मोसेसेंनी हजेरीपट पुढं ओढला. बाजारात मात्र बोलणारे होते. अळूचे कंद विकणारी म्हातारी आख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "या मिस, आज काय दाखवणार आम्हाला? माझा भाऊ पण उभाय बघा तिकडं. बोलावू?" बायका तोंडावर हात धरून हसल्या. तोकिलुपेनं कंद परत टोपलीत आपटला आणि ती तडक निघाली.

घरी येऊन तिनं पाठ्यपुस्तक काढलं. पुस्तक परदेशातून आलेलं, धड्याचं नाव 'माहिती तंत्रज्ञान आणि समाज'. तिनं तो वर्षानुवर्षं शिकवलेला. नोकऱ्या जातात. चोर खात्यातले पैसे पळवतात. मुलं मैदानात खेळत नाहीत. पान उलटून पालटून बघितलं. त्या पुस्तकातल्या समाजात बँक होती, कारखाना होता, दुकान होतं. भाऊ नव्हता, बहीण नव्हती.

शनिवारी ती रानात गेली. हानितेली सुरणाच्या वाफ्यात गवत उपटत होता. तिला बघून उठला, पण नजर जमिनीवरच.

"हानितेली, बाळा, ते पाप केपुएलीचं. त्यानं माफी मागितलीय."

"मला माहितीय मिस. माझा केपुएलीवर राग नाही."

"मग? परीक्षा का सोडतोस? मामाच्या होडीवर समुद्रतळावरचे समुद्रकाकडीचे जीव काढायला जाणार म्हणे. बुडी मारता मारता किती पोरं लुळी पडली, बघितलं नाहीस का?"

त्यानं हातातलं गवत बाजूला टाकलं. "मिस, घरात असं काही लागलं तर मी उठतो. पायरीवर जातो. आंब्याखाली जातो. ती बघते की मी उठलो. मी उठलो हे तिला कळणं, एवढंच तर असतं ना आपल्या हातात?" त्यानं मातीचे हात झटकले. "तिथं उठून कुठं जाणार होतो? मी फोन फेकून दिला, तरी माझं तोंड तिथंच होतं. तिच्या तोंडाला लागून. सगळ्या गावानं बघितलं."

तोकिलुपे रानातून निघाली. परतीच्या वाटेवर तिच्या डोळ्यांसमोर तिचा भाऊ येत राहिला, पायरीवर पाठमोरा बसलेला. त्या पाठीतच सगळा मान होता. आणि तिनं काय केलं होतं? कुणी बाहेर राहू नये म्हणून सगळ्यांना एका खोलीत कोंडलं होतं. खोलीला दार ठेवलं नव्हतं. इथं बाहेर जाणं हीच माया असते, हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं आणि तिलाही होतं. फोन हातात आला आणि ती ते विसरली, एवढंच.

सोमवारी ती शाळेत गेली नाही. कमरेला सगळ्यात जुनी, फाटकी चटई गुंडाळली, गळ्यात इफीच्या झाडाच्या पानांची माळ घातली. असा वेश मोठ्या मयताला जाताना करतात, नाहीतर ज्याच्याकडं माफीखेरीज काही उरलं नाही त्यानं करायचा. मोसेसेंना वाटेत दिसली तेव्हा ते गाडीतून उतरलेच. "लुपे, डोकं ठिकाणावर आहे का? शिक्षिका तू! शाळेचं नाव काय राहील?"

"शाळेचं नाव तुम्ही सांभाळा. माझं मी सांभाळते."

हानितेलीच्या घरात शब्द चालतो तो त्याच्या बापाचा नाही, आत्याचा. सेइनी आत्या. तिच्या अंगणात शेडखाली गावातल्या बायका केवड्याच्या पानांच्या चटया विणत बसतात. तोकिलुपे उन्हात, गवतावर, मान खाली घालून बसली. बायकांचे हात थांबले, पुन्हा चालू झाले. कुणी तिच्याकडं बघेना. घाम डोळ्यांत उतरला, पानं गळ्याला चिकटली.

ऊन डोक्यावरून कलल्यावर सेइनी आत्या म्हणाली, "कोण मेलं गं, लुपे?"

"कुणी नाही, आत्या. चूक माझी झाली."

"तुझी? तू तर पाठवलं नाहीस म्हणे काही. हेडमास्तरांना सांगत होतीस."

बेटावर बातमीला तार लागत नाही. तोकिलुपे म्हणाली, "पाठवलं नाही. पण भावाला आणि बहिणीला एका ठिकाणी मी बसवलं. वर्गात कधी बसवलं नसतं. आत्या, तुम्ही पोराला सांगा. मला शिव्या द्या, पण त्याला परीक्षेला बसू द्या."

"मी सांगू? मला तो हो म्हणेल आणि मान खाली घालून होडीत बसेल. त्याची लाज मी पुसू शकत नाही." सेइनी आत्यानं विणलेलं पान दातांनी तोडलं. "ज्या बहिणीसमोर लाज गेली, तिनंच सांगायला हवं."

पिसिला शेडच्या आतल्या बाजूला होती. तोकिलुपेला ती दिसली नव्हती. इथं बहिणीचा शब्द भावाला मोडता येत नाही, आणि म्हणूनच बहीण तो सहसा खर्च करत नाही. पिसिला आत्याकडं बघूनच बोलली, तोकिलुपेकडं नाही.

"आत्या, त्याला निरोप द्या. म्हणावं, पिसिला सांगते, उद्यापासून शाळेत जायचं. परीक्षेला बसायचं. होडीवर जायचं नाही."

बायकांपैकी कुणीतरी श्वास सोडला. तोकिलुपेचे डोळे भरून आले. पण पोरीचं बोलणं संपलं नव्हतं.

"आणि म्हणावं, त्या वर्गात मी नसेन. मी बांधापलीकडं पांगाईच्या शाळेत नाव घालते."

"पिसिला!" तोकिलुपे ताडकन उठून उभी राहिली. माळ घालून उभं राहायचं नसतं, हेही ती विसरली. "पांगाईला कॉम्प्युटर हा विषयच नाही! परीक्षा तोंडावर आलीय. तू माझ्या वर्गातली सगळ्यात... आत्या, हे काय चाललंय? चूक माझी, निस्तरायचं पोरीनं? हा कुठला न्याय?"

"खाली बस," सेइनी आत्या म्हणाली.

"नाही बसणार! दरवेळी बाईनंच उठून जायचं का?"

"लुपे." आत्याचा आवाज चढला नाही. "आजवर तोच उठून गेला. लहानपणापासून. आंब्याखाली, पायरीवर, खोपटात. कधी मोजलंस? आज पहिल्यांदा ती उठतेय, कारण त्याला जायला जागाच उरली नाही. तिनं ठरवलंय. तू तिच्यावर दया करतेस, म्हणजे तिचा शब्द हलका करतेस. बस खाली."

तोकिलुपे बसली. सेइनी आत्या काठी टेकत आली, तिच्या गळ्यातली माळ काढून बाजूला टाकली, आणि कुणालातरी म्हणाली, "हिला पाणी द्या." माफी झाली. तोकिलुपेला वाटलं होतं की ती मिळाली की हलकं वाटेल. ती पाणी प्यायली, पण तसं झालं नाही.

हानितेली दुसऱ्या दिवशी आला. दाराजवळच्या आपल्या जागेवर बसला. भिंतीकडची एक जागा रिकामी होती आणि सगळा वर्ग तिकडं न बघण्याचा प्रयत्न करत होता. तोकिलुपेनं ग्रुप मोडून टाकला होता. पुस्तक न उघडता ती फळ्याकडं वळली. "चला, नवा ग्रुप करू. कोण कुणाबरोबर चालेल, तुम्ही सांगा." पोरांनी नात्यांच्या रेघा सांगायला सुरुवात केली. याची आई तिची मावशी, त्याचा आजा यांचा चुलता. आधी हसत होती, मग फळा भरला, मग गप्प झाली. सगळा वर्गच कुणाचा ना कुणाचा भाऊ नाहीतर बहीण होता. एकही ग्रुप बसेना.

"मग काय करायचं, मिस?" केपुएलीनं विचारलं, भीत भीत.

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली. शिकवायला लागल्यापासून हे वाक्य तिनं वर्गात उच्चारलं नव्हतं. "पुस्तकातही नाही. आपल्यालाच शोधायला लागेल." त्यांनी तो तास शोधण्यात घालवला. मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा, कुणी बघितलं याची खूण बंद, आणि ज्याला नको त्यानं बाहेर राहायचं. त्याला निरोप घरी जाऊन द्यायचा. अर्धवट काहीतरी जमलं.

परीक्षा संपल्यावर एकदा, समुद्रावरून शेजारच्या लिफुका बेटाला जाणाऱ्या बांधावर, पिसिला तिला समोरून येताना भेटली. दुसऱ्या शाळेचा गणवेश, काखेत चटईसाठी वाळवलेल्या पानांचा भारा.

"मिस, त्यानं सगळे पेपर दिले?"

"दिले. एकही चुकवला नाही."

पोरीच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "मग झालं."

"पिसिला, शाळा सुटल्यावर माझ्याकडं येत जा. मशीन आहे माझ्या घरी. मी शिकवीन."

"येईन," ती म्हणाली. मग थांबली. "पण मला बिचारी समजून शिकवणार असाल तर नको. मी सांगितलं आणि तो आला, मिस. तुमच्या त्या फोनमधून कुणी आणलं असतं का त्याला?"

"नाही," तोकिलुपे म्हणाली.

"गुरुवारी येते मग," म्हणून पिसिलानं भारा या काखेतून त्या काखेत घेतला आणि ती चालू लागली. भरतीचं पाणी बांधाच्या दोन्ही अंगांनी चढत होतं. तोकिलुपे तिथंच उभी राहिली, पोरगी पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत.