गोंदण पुसणारा डबा

दुकानदार माझ्याशी बोलतच नव्हता. मी काउंटरच्या अलीकडे, तो पलीकडे, मधे काच आणि काचेखाली मांडलेले, टीव्हीला जोडायचे काळे डबे. तो बोलत होता माझ्या हातातल्या फोनशी, कारण फोनच्या स्पीकरवर पुण्याचा माझा मुलगा होता.

"दादा, आजीसाठीच ना? मंग हा घ्या. भजन, कीर्तन, सिरियली, सारं येते. तोंडानं सांगतलं तरी लागते, बटन दाबाची गरज नाई."

"फोर-के आहे ना? मेमरी किती?" मुलगा विचारत होता.

ऑटोत हाडं खिळखिळी करून घेऊन मी तिथवर आलेली, आणि सगळा व्यवहार माझ्या डोक्यावरून चाललेला. मी फोन बंद केला.

"भाऊ, बघणार मी आहे. माझ्याशी बोला."

"बोला ना माय. काय पाह्यचं तुमाले?"

"माझी माय."

तो काचेवर पुढे वाकला. "थो पिच्चर कोन्त्या ॲपवर हाये?"

माझा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. त्या क्षणी हातात पट्टी नव्हती, हे त्याचं नशीब.

पिच्चर कसला! जेमतेम मिनिटभराचं चित्रण होतं ते, माझ्या आईचं. आम्ही तिला मायच म्हणायचो. अकोल्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, मुलीचं लग्न झालं, तेव्हा व्हिडिओवाल्यानं कॅसेट केली होती. तीन तासांच्या त्या कॅसेटमध्ये माय एकदाच नीट दिसते. मांडवाच्या खांबाला टेकून बसली आहे, डोक्यावर पदर आहे, आणि कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलते. काय बोलते ते बँडच्या दणदणाटात कधी कुणाला कळलं नाही. घरात सगळे म्हणायचे, व्हिडिओवाल्याला झापत असणार, नवरी तिकडं हाये, माह्याकडे काय पाह्यतं! पुढच्याच वर्षी ती गेली. हलणारी, बोलणारी माय जगात तेवढीच उरली.

आणि आता ताईचे डोळे चालले होते. डॉक्टरकडून आली त्या दिवशी तिनं फोन केला. रडणं वगैरे नाही, हवामानाची बातमी द्यावी तसं सांगितलं.

"लाहाने, डाक्टर म्हंते मधातलं जाईन. कडंकडंचं राहीन. मानूस समोर बसला तं त्याचे कान दिसतीन, नाक नाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हंतो, कान पाहून काय करू? थे कॅसेट हाये ना तुह्यापाशी? एकडाव मायचं तोंड पाह्यू दे, दिसते तोवर."

म्हणून ही सगळी धावपळ. मुलानं पुण्यात कॅसेटवरून चित्रण उतरवून घेऊन पेनड्राइव्ह पाठवला, त्याबद्दल त्याचे आभार. पण माझा टीव्ही म्हणाला, ही फाईल मला चालत नाही. ताईकडे तिच्या लेकीनं भिंतभर टीव्ही बसवून दिलेला, तोही तेच म्हणाला. माणसं नखरे करतात ते कमी होतं, आता भिंतीही करायला लागल्या. मधे एक डबा लावला की चालेल, असं मुलगा म्हणाला. म्हणून डबा.

दुकानदारानं दिला तो चकचकीत होता, मी घेतला. इथे माझीही चूक आहे. चकचकीत वस्तूला भुलायची खोड मला लहानपणापासून. ती पुढे सांगते.

घरी आणून लावला. डब्यानं आधी माझं नाव विचारलं, मग फोन नंबर, मग जन्मतारीख. सुनेच्या माहेरच्यांनीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती. ते संपलं तर पडदाभर जाहिराती. माझ्या घरात, माझ्या विजेवर, माझ्याच डोळ्यांसमोर! चष्मा लावून, चष्मा काढून, शिव्या देत देत मी शेवटी पेनड्राइव्ह शोधला आणि ती फाईल लावली.

आणि माय आली. इतकी स्वच्छ, की मला क्षणभर ओळखू आली नाही.

आधी वाटलं, तोंड रुंद झालंय म्हणून असेल. जुनं चित्र चौकोनी, टीव्ही लांबट, आणि डब्यानं पडदा भरायचा म्हणून मायला दोन्ही बाजूंनी ओढलं होतं. ते रिमोटच्या एका बटणानं सरळ झालं. बाजूला काळे पट्टे आले, येऊ देत. तरीही ती माय नव्हती. गाल मेणासारखे गुळगुळीत, कपाळावर एक आठी नाही. आणि हनुवटी कोरी.

मायच्या हनुवटीवर गोंदण होतं. हिरवट काळे तीन ठिपके, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले. ते नव्हतेच. मी टीव्हीला नाक लावून बघितलं, पदरानं काच पुसली. नव्हते म्हणजे नव्हते.

मुलाला फोन लावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या त्या शांतपणाचाच मला जास्त राग येतो.

"आई, तो डबा चित्र सुधारून दाखवतो. नॉइज काढून टाकतो."

"आवाज ठीक आहे रे, तोंड बिघडलंय."

"नॉइज म्हणजे आवाज नाही गं इथे. चित्रातले बारीक ठिपके, कण, जुन्या टेपवरचा कचरा. त्याला नॉइज म्हणतात."

"कचरा? माझ्या मायच्या गोंदणाला कचरा म्हणतोस?"

"मी नाही म्हणत. डबा म्हणतो."

"मग त्या डब्याला सांग, बंद कर म्हणावं तुझी सुधारणा!"

पण त्या डब्यात ती बंद करायची सोयच नव्हती. विकत घेणाऱ्याला जसंच्या तसं बघायचं असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रिमोट पलंगावर फेकला. जमिनीवर फेकणार होते, पण शाळेच्या पेन्शनीतल्या बाईला तेवढा राग परवडत नाही. कुणी परवानगी दिली ह्यांना? कुठल्या तरी कारखान्यात बसून कुणी तरी ठरवतो, की म्हातारीच्या हनुवटीवरचे ठिपके म्हणजे घाण, पुसा! कोण तू? माझ्या मायला कधी पाहिलंस?

असं मोठमोठ्यानं बोलत मी खोलीत फिरत होते, आणि माझी नजर भिंतीकडे गेली.

भिंतीवर मायचा फोटो आहे. माझ्या लग्नातला, स्टुडिओत काढलेला. त्यातही तिची हनुवटी कोरी आहे.

ती मी कोरी करवली होती.

आता त्या पोरीबद्दल सांगायलाच हवं. अकोल्याची एक बावळट मुलगी, नुकतीच डीएड झालेली, अमरावतीच्या कारकुनाशी लग्न ठरलेलं. तिला वाटायचं आपण विलायतेला निघालो. अकोल्याहून अमरावती, बडनेऱ्याला एकदा गाडी बदलली की पोचलं, पण बाईंचा तोरा बघा! सहा महिने आरशासमोर 'मले' सोडून 'मला' म्हणायचा सराव करत होती. एकदा तर होणाऱ्या सासूसमोर 'मलाले' म्हणाली. पांढरा गॉगल घेतला होता, तो घालून स्टुडिओत गेली आणि पायरीवर अडखळली. अशा त्या शहाणीला आईच्या गोंदणाची लाज वाटायची. फोटो सासरी लागणार, चार लोक बघणार. मग स्टुडिओवाल्याला हळूच बाजूला घेऊन म्हणाली, "मायच्या हनुवटीचं टचिंग करून द्या. डाग दिसतात."

डाग म्हणाली ती. मी. डब्यानं निदान कचरा म्हटलं, आणि त्याला आई नव्हती.

स्टुडिओवाल्यानं बारीक ब्रशनं ते तीन ठिपके झाकून टाकले. फोटो आला तेव्हा मायनं तो हातात धरून बराच वेळ बघितला. मग बोटानं स्वतःची हनुवटी चाचपली, जागेवर आहे ना बघावं तशी. "बरी हाये," एवढंच म्हणाली. ताईनं मात्र विचारलं, "मायचं गोंदण कोठी गेलं व?" मी म्हटलं, लाइटनं उडालं असेल. तोच फोटो पुढे ताईकडे लागला, नातींकडे गेला. नातींना वाटतं, पणजीला गोंदण नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून मी दुकानात गेले. रागातच गेले, आणि त्यातला अर्धा राग माझा माझ्यावरच होता तरी दुकानदाराला ऐकवला.

"हा परत घ्या. हा माणसं पुसतो."

"माय, थो तं सगळ्यात भारी हाये! जुना पिच्चर नवा करून देते."

"मला नवा नको. आहे तसा दाखवणारा कुठला?"

त्यानं नाइलाजानं खालच्या फळीवरून एक डबा काढला. साबणाच्या पेटीएवढा, राखाडी, दिसायला अगदी भिकार. "ह्यात मजा नाई. फाईल कोन्तीबी चालवते, पन जसं असन तसंच दाखवते. सुधारनाबिधारना सारी बंद करता येते."

"मग लावा इथे."

"इथं?"

"इथेच. त्या मोठ्या टीव्हीवर. बघितल्याशिवाय मी हलणार नाही."

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. माय त्यांच्यासमोर पडद्यावर आली. चित्र खरखरीत, कडा थरथरत्या, रंग जरा वाहिलेले. हनुवटीवर मात्र काहीच नाही. माझा तोल गेला असता, पण दुकानदारच म्हणाला, "थांबा माय, टीव्हीबी आपल्या मनानं साफ करून राह्यला." त्यानं टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथलीही ती सफाई बंद केली. दोन जागी पहारा होता म्हणजे!

एक, दोन, तीन. मी काउंटरच्या आत शिरून बोटानं मोजले.

दुकानदारही बघत होता. "माह्या आजीले बी होतं असंच," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. "गोंदणासाठी पाह्यजे होतं तं आधी सांगाचं ना."

"सांगत होते. तुम्ही फोनशी बोलत होता."

अकोल्याला जाताना डबा मांडीवर ठेवून बसमध्ये बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत मनात एकच. ताई हे ठिपके बघणार, मग भिंतीवरचा फोटो बघणार, मग माझ्याकडे. लाइटनं उडालं, ही थाप आता कशी चालणार?

ताई टीव्हीसमोर बसली ती टीव्हीकडे पाठ फिरवल्यासारखी. मधलं धूसर होतं म्हणून मान वळवून, दाराकडे तोंड करून ती डोळ्याच्या कडेनं बघते. आपल्याला वाटतं कुणी येतंय का म्हणून बघते आहे. मी डबा जोडला. तिच्या टीव्हीची सफाई बंद केली, आता मला जागा माहीत होती. मुलानं फोनवर आठवण करून दिली, "आई, आवाजाची सुधारणाही बंद कर." तीही केली. आणि लावलं.

बँड वाजायला लागला. माय आली.

ताईनं मान थोडी आणखी वळवली, मग थोडी परत. शोधत होती ती, जिथून दिसेल तो कोपरा. तो सापडला तशी थांबली.

"तीन," ती म्हणाली.

"हो ताई."

"परत लाव."

मी परत लावलं. तिसऱ्यांदाही. चौथ्या वेळी ताईनं हात वर केला. "चूप. ऐक."

मी काहीच बोलत नव्हते. तिचे डोळे गेले तसे कान तिखट झालेत. तिनं आवाज वाढवायला लावला, बँडनं खिडकीच्या काचा हलल्या, आणि त्या गदारोळाखालून ताईनं मायचं बोलणं ओढून काढलं. ओठ बघत मी ऐकलं, तेव्हा मलाही कळलं.

"हाये तसं येऊ दे बाप्पा. काई पुसू नोको."

झापत नव्हती ती. सांगत होती. हसत होती चक्क.

मी आवाज बंद केला. "तिला माहीत होतं?"

"मंग? स्टुडिओवाल्यानंच सांगतलं तिले, तुमच्या पोरीनं टचिंग करवलं म्हने. तिनं मले सांगतलं."

"आणि तू? इतकी वर्षं?"

"मी काय बोलू? लाइटनं उडालं म्हने लाइटनं!" ताई दाराकडे बघत हसली. "आमच्या घरी तुह्यं नावच ते पडलं होतं. तू आली का, माय म्हने, 'आली व लाइट.'"

मला संताप आला. तिचा, मायचा, स्टुडिओवाल्याचा, त्या गॉगलवाल्या पोरीचा. एवढी वर्षं सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी मला दोन शब्द बोलून मोकळं केलं नाही. एक शिवी तरी द्यायची! मी तशीच उठले, टीव्हीच्या वर लावलेला मायचा फोटो काढायला. खिळ्यापर्यंत हात पुरेना म्हणून टीव्हीच्या पुढ्यात येऊन टाचा उंचावून उभी राहिले.

"लाहाने, सरक."

"फोटो काढते आहे ताई."

"काढजो मंग. मधातलं मले तसंही दिसत नाई, पन तू कडंचंबी झाकून राह्यली. सरक, आन परत लाव."