एलायजाकाकांचं गॅरेज आणि एक रेकॉर्ड

नव्या शतकाच्या सुरुवातीला मी नोकरीसाठी केंब्रिजला आलो, तो माझा कॅनडातला पहिलाच हिवाळा होता. घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढताना घसरलो आणि तोंडून "आई गं!" निघालं. शेजारच्या गॅरेजमधून आवाज आला, "लागलं का हो? या आत, चहा घ्या." नागपूरहून इतक्या दूर कोणी मराठीत विचारपूस करील, असं वाटलंच नव्हतं. आत रेकॉर्ड फिरत होती आणि दोन गिटारी एकमेकींशी बोलत होत्या. आज पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या एलायजाकाका नवगावकरांची आणि माझी ओळख ही अशी झाली.

काका अलिबागकडच्या मराठी ज्यू समाजातले. इथल्या मोटारींच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. तिथल्याच एका सहकाऱ्याने त्यांना अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका रॉक बँडची, सत्तरच्या दशकातली ही रेकॉर्ड ऐकवली आणि काका तिचे कायमचे झाले. मला म्हणाले, "आमचे वडील आमच्या धर्मग्रंथातल्या योसेफाची, मोशेची कीर्तनं करत. बुवांनी ओळ सोडायची, साथीदारांनी उचलायची. या गिटारी तेच करतात, बघा!"

दर उन्हाळ्यात एका रविवारी या रेकॉर्डचे चाहते त्यांच्याकडे जमतात. ट्रकचालक, शिक्षिका, आम्ही सॉफ्टवेअरवाले. काकू बटाटेवडे तळतात. रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही, हा काकांचा कडक नियम. माझा फोन वाजला तेव्हा त्यांनी मला थेट बॅकयार्डात घालवलं. पण मुलांना सूट. आमची मुलगी सई घरी इंग्रजीतच उत्तरं द्यायची. तिने "अंकल, व्हॉट इज ही सिंगिंग?" विचारलं, की काका तिला ओळ न ओळ मराठीत समजावत. त्या नादाने ती त्यांच्याशी मराठीत भांडूसुद्धा लागली.

एका वर्षी एक नवा पाहुणा मोठा झेंडा घेऊन आला आणि त्याने तो भिंतीवर लावला. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या अमेरिकेतल्या दक्षिणी राज्यांचा तो झेंडा. एटोबिको या उपनगरातून येणारे विन्स्टन, मूळचे जमैकाचे कृष्णवर्णीय, काकांचे जुने स्नेही, उठले आणि दाराकडे निघाले.

काकांनी रेकॉर्डवरची सुई उचलली. "तो झेंडा काढा," ते त्या पाहुण्याला म्हणाले.

"या संगीताबरोबर तो येतोच," पाहुणा म्हणाला.

"माझ्या घरात येत नाही."

पाहुणा झेंडा गुंडाळून तणतणत निघाला आणि त्याच्या मागोमाग आणखी चौघे. इतक्या वर्षांचा मेळा मोडतो की काय, अशी आम्हाला भीती वाटली. काका दाराशी गेले आणि विन्स्टनना हाताला धरून परत घेऊन आले. नंतर मी विचारलं, "काका, लोक तुटले तर?" ते म्हणाले, "अहो, विन्स्टन उठून गेले असते, तर मग रेकॉर्ड लावायची कोणासाठी?"

पुढच्या उन्हाळ्यात त्या चौघांपैकी दोघे परत आले. त्यांनी आधी विन्स्टनची माफी मागितली. झेंडेवाला पुन्हा आला नाही. काकांनी त्याची वाट पाहिली नाही.

एखाद्या गोष्टीवर जिवापाड प्रेम करूनही त्यातलं वाईट ते नाकारावं, हे आम्ही काकांकडून शिकलो. त्यांना आणि काकूंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघ्यांची कुरकुर कमी होवो, कान असेच तल्लख राहोत, आणि काकांनी आम्हाला आणखी कितीतरी उन्हाळे गप्प बसवावं.